प्रकल्प नोंदी: ट्रेलर-ट्रकची डिझेल टाकी जागेवर आणणं आणि पक्की करणं

गाडी: ४×२ ट्रेलर-ट्रक, बीएस-६ (वाहनांच्या धुराचं भारतीय मानक). उजव्या बाजूला, केबिनच्या मागे, गोल कडांची चौकोनी अॅल्युमिनियम टाकी, ४०० लिटरची. चासीला दोन ब्रॅकेट, त्यावर टाकी, वरून दोन स्टेनलेस पट्टे. काम वडाळा ट्रक टर्मिनलच्या परिसरातल्या वर्कशॉपमध्ये. गाडीचा नेहमीचा फेरा न्हावा शेवा ते भिवंडीची गोदामं.

१४ मे २०२५

ब्रेक लावला की केबिनच्या मागून ‘खट्’ असा आवाज येतो, ही तक्रार. टाकी काठोकाठ असताना कमी, अर्धी असताना जास्त. हे लक्षण महत्त्वाचं. भरलेल्या टाकीत डिझेलला धावायला जागा नसते. अर्ध्या टाकीत आतल्या आडव्या पत्र्यांची भोकं ओलांडून डिझेल पुढच्या भिंतीवर आपटतं, आणि टाकी सैल असेल तर ती त्या धक्क्यासरशी सरकते.

टाकी पुढे सरकलेली आहे. तळाशी ब्रॅकेटच्या कडेला घासून चकचकीत झालेला पट्टा दिसतो, त्याची रुंदी १६ मिमी. टाकी आणि पुढच्या बॅटरी बॉक्समधलं अंतर २२ मिमी उरलंय. ते ३८ ते ४० हवं. लेव्हल सेन्सरची वायर ताणलेली, सक्शनचा होस पाइप एका क्लिपवर लटकलेला.

पुढच्या पट्ट्याखालचं रबर बाहेर येऊन लोंबतंय. ते मूळ रबर नाही. टायरच्या जुन्या ट्यूबची कापलेली पट्टी आहे. पट्ट्याच्या टी-बोल्टचे आटे संपलेत, नट शेवटच्या आट्यावर टेकलाय. म्हणजे कुणीतरी वेळोवेळी पट्टा आवळत गेलंय आणि दर वेळी तो पुन्हा ढिला झालाय. आटे संपेपर्यंत आवळूनही पट्टा सैल राहत असेल, तर दोष पट्ट्यात शोधायचाच नाही. त्याच्याखाली काय आहे ते बघायचं.

मागच्या ब्रॅकेटच्या वरच्या बोल्टच्या वायसरखालून गेरूसारखी तांबूस ओघळ चासीवर उतरलीय. घट्ट बोल्टखाली गंज हलत नाही. अशी ओघळ म्हणजे दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासून गंजाची पूड होतेय आणि पाणी ती बाहेर आणतंय. बोल्ट हाताला घट्ट लागतो, पण आत ब्रॅकेट हलतंय.

१५ मे

टाकी उतरवली. क्रम असा ठेवला:

इग्निशन बंद करून पाच मिनिटं थांबलो. बीएस-६ गाडीत धुरातले घातक वायू कमी करायला युरियाचं द्रावण फवारलं जातं, आणि त्याचा पंप इंजिन बंद झाल्यावर लाइन उलटी ओढून रिकामी करतो. मेन स्विच लगेच पाडला तर युरिया लाइनमध्येच राहतो, सुकून त्याचे खडे होतात आणि इंजेक्टर तुंबतो. त्यानंतर मेन स्विच बंद करून बॅटरीची निगेटिव्ह केबल काढली.

टाकीत साधारण २९० लिटर डिझेल होतं. हातपंपाने दोन पिंपांत काढलं. पिंप आणि चासी तांब्याच्या वायरने जोडून. शेडमध्ये त्या दिवशी ग्राइंडर आणि वेल्डिंग बंद. ‘डिझेल काडीने पेटत नाही’ हे वाक्य वर्कशॉपमध्ये फार ऐकू येतं. भारतीय मानकात वाहनाच्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो आकडा, किमान ३५ अंश सेल्सिअस आहे, युरोपात तो ५५ आहे. मे महिन्यात मुंबईत पत्र्याच्या शेडखाली उन्हात उभ्या टाकीतलं डिझेल ३५ अंश सहज ओलांडतं. त्यावरची वाफ ठिणगीने पेटू शकते, आणि रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची.

सक्शन, रिटर्न आणि हवेची नळी यांवर वेगवेगळ्या रंगाची खूण करून त्या सोडवल्या आणि लगेच दोन्ही तोंडांना स्वच्छ बूच लावली. चिंधी कोंबायची नाही. तिचा धागा कॉमन रेलच्या (इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या) उच्च दाबाच्या पंपात गेला तर दुरुस्तीचा खर्च टाकीच्या कामाच्या कित्येक पट होतो.

टाकीखाली हातपॅलेट ट्रॉली आणि जाड फळी लावली, मगच पट्ट्याचे नट सोडले, दोन्ही थोडे थोडे. एक पट्टा पूर्ण सोडून मग दुसऱ्याला हात घातला तर टाकी तिरकी होऊन सोडायच्या पट्ट्यात अडकते.

रबराखाली जे दिसलं तेच या कामाचं मूळ. ट्यूबची पट्टी फुगून मऊ, बोटाने चेपली की ठसा राहतो. तिच्याखाली अॅल्युमिनियमवर पांढरी पूड आणि तिच्यात रुतलेली बंदराच्या रस्त्याची कच. पूड घासून काढल्यावर पत्र्यात खड्डे. पट्टीने डिझेलही धरून ठेवलं, खारं पाणीही, आणि कच सँडपेपरसारखी आत काम करत राहिली.

अल्ट्रासॉनिक मीटरने जाडी मोजली. चांगल्या जागी २.९ मिमी, पुढच्या पट्ट्याखाली खालच्या कोपऱ्यावर सर्वांत कमी २.४. आमची मर्यादा मूळ जाडीच्या ८० टक्के, म्हणजे २.३. टाकी ठेवायची, पण हा कोपरा नोंदीत राहील.

१६ मे

गळती तपासणी. टाकी गरम पाणी आणि डिटर्जंटने धुऊन, दिवसभर तोंड उघडं ठेवून वाळवली होती. सगळी तोंडं बंद करून हवा भरली, पण कॉम्प्रेसरची नळी थेट लावली नाही. एका तोंडाला पारदर्शक नळी लावली, तिचं दुसरं टोक १ मीटर खोल पाण्यात बुडवलं. १ मीटर पाणी म्हणजे ०.१ बार, दाब त्यावर गेला की नळीतून बुडबुडे निघतात आणि दाब आपोआप थांबतो. मीटरही हाच, सेफ्टी व्हॉल्व्हही हाच.

टाकीची बाहेरची बाजू ६२० × ११०० मिमी आहे. त्यावर १ बार दाब म्हणजे जवळपास सात टन. सपाट पत्रा बाहेर फुगतो, वेल्ड फाटतो. ०.१ बारला सगळ्या वेल्डवर साबणाचं पाणी फिरवलं. कुठेही बुडबुडा नाही.

मागचं ब्रॅकेट घासून डाय पेनिट्रंट, म्हणजे बारीक तड्यात शिरणारा लाल रंग, लावलं. पांढरा डेव्हलपर सुकता सुकता आतल्या वाकाच्या कोपऱ्यात लाल रेघ उमटली, ३० मिमी लांब. तडा वरून खाली नाही, बाजूला गेलाय. त्यावरून क्रम जुळतो.

रिकामी टाकी ३८ किलो. ४०० लिटर डिझेल, लिटरला ०.८३ किलो धरून, ३३२ किलो. एकूण ३७० किलो. जोराच्या ब्रेकला गाडी ०.५ जीने (गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या प्रवेगाने) मंदावते तेव्हा टाकी १८५ किलोच्या जोराने पुढे जाऊ पाहते. हा जोर दोन्ही पट्टे आणि दोन्ही ब्रॅकेट घर्षणाने वाटून घेतात, म्हणूनच टाकी थांबते. पुढच्या पट्ट्याखालचं रबर मऊ झालं, पट्टा सैल झाला, घर्षण गेलं. सगळा जोर मागच्या ब्रॅकेटवर आला, आणि तोही आडवा. ब्रॅकेट वजन उभं पेलण्यासाठी बनवलेलं असतं. बाजूला मुरडायला ते कमकुवत. आधी बोल्ट सरकला, मग तडा गेला. तडा मागे गेला, पण त्याची सुरुवात पुढच्या पट्ट्याखालच्या रबरात झाली.

तडा वेल्ड करून भागवता येईल का, असं मालकांनी विचारलं. नाही. वेल्डच्या कडेला धातू उष्णतेने कडक होतो आणि पुढचा तडा तिथून सुरू होतो. मूळ बनावटीचं नवीन ब्रॅकेट मागवलं. पुढच्या ब्रॅकेटला तडा नाही, पण वरचं भोक लंबगोल झालंय. जोडी बदलायची.

१७ मे

रबर. मस्जिद बंदरला नागदेवी स्ट्रीटवरून ५ मिमी जाडीची, ७० शोअर (रबराचा कडकपणा मोजायचं माप) कडकपणाची नायट्राइल, म्हणजे तेलात न फुगणाऱ्या रबराची, शीट आणि पट्ट्याच्या कडांवर वळणारं यू आकाराचं नायट्राइल प्रोफाइल आणलं. दुकानात ‘ऑइल रबर’ म्हणून मागितलं की दोन-तीन प्रकार पुढे येतात, आणि दिसायला सगळी काळीच. म्हणून विकत घेतलेल्या शीटचा तुकडा आणि जुन्या ट्यूबचा कोरा तुकडा डिझेलच्या बरणीत टाकून ठेवला.

१८ मे

२४ तासांनी व्हर्नियरने मोजलं. नायट्राइल ५.० ची ५.१ मिमी, कडकपणा जसाच्या तसा. ट्यूबचा तुकडा १.८ चा २.४ मिमी, नखाने ओरखडा पडतो. ट्यूब ब्युटाइल रबराची असते. हवा धरायला उत्तम, डिझेलसमोर टिकत नाही. स्वस्तात मिळते म्हणून प्रत्येक नाक्यावर हीच पट्टी लावली जाते. दरवाजाच्या बीडिंगचं ईपीडीएम रबरही डिझेलजवळ नको. फेल्ट, काथ्या, पोत्याचा तुकडा हे तर अजिबात नको. ते पाणी शोषून अॅल्युमिनियमला लावून ठेवतात.

रबर पट्ट्यापेक्षा रुंद असलं पाहिजे. पट्टा ५० मिमी, रबर ७० मिमी, दोन्ही बाजूंना १० मिमी बाहेर. स्टेनलेसची कड ओल्या अॅल्युमिनियमला टेकली की दोन धातूंत विद्युत रासायनिक गंज सुरू होतो आणि त्यात झिजतं ते अॅल्युमिनियम. खाडीवरच्या खाऱ्या हवेत हे झपाट्याने होतं.

१९ मे

नवीन ब्रॅकेट बसवली. चासीच्या उभ्या बाजूला कारखान्यात पाडलेली भोकंच वापरली. चासीच्या वरच्या-खालच्या आडव्या पट्टीत भोक पाडायचं नाही, चासीवर कुठेही वेल्डिंग करायचं नाही.

बसवण्याआधी चासी आणि ब्रॅकेट जिथे एकमेकांना टेकतात तिथला जाड रंग खरवडून काढला, झिंक प्रायमरचा एक पातळ हात दिला. इथे बहुतेक जण उलटं करतात, नवीन ब्रॅकेटला दोन हात रंग मारून मग बसवतात. जाड रंग बोल्टच्या दाबाखाली हळूहळू चेपतो आणि बोल्टचा ताण कमी होतो. मग बोल्ट ‘आपोआप’ ढिला झाला असं वाटतं.

बोल्ट एम१४, ग्रेड १०.९, सगळे नवीन, नट नवीन, कडक वायसर दोन्ही बाजूंना. या गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे १६० न्यूटन मीटर. दुसऱ्या गाडीला हा आकडा लावू नये. आधी सगळे ८० वर, मग १६० वर, टॉर्क पान्याने. टाकी धरून ठेवते ती बोल्टने निर्माण केलेली दोन पृष्ठभागांची पकड. बोल्टच्या दांड्यावर टाकी टांगलेली नसते. पकड गेली की दांडा भोकात आपटू लागतो आणि भोक लंबगोल होतं, जुन्या ब्रॅकेटचं झालं तसं.

दोन्ही ब्रॅकेट एका पातळीत आहेत का ते सरळ अँगल आडवा ठेवून पाहिलं. मागचं ३ मिमी खाली होतं. भोकातल्या जागेत वर उचलून पुन्हा आवळलं. हा ३ मिमी राहिला असता तर टाकी तीन कोपऱ्यांवर बसली असती आणि चौथा कोपरा पट्ट्याच्या जोराने खाली ओढला गेला असता. पट्ट्याने टाकी वाकवून बसवणं म्हणजे वेल्डला तडा जायची सोय करून ठेवणं.

२० मे

टाकी चढवली. ब्रॅकेटच्या तळाला आणि पाठीला नायट्राइल शीट, कोरड्या आणि थिनरने पुसलेल्या पृष्ठभागावर. ग्रीस, साबण, सिलिकॉन काहीही नाही. रबर सरकवून बसवायला सोपं जावं म्हणून साबण लावला की तोच पहिल्या पावसात टाकी सरकवतो. तळाच्या शीटला मधोमध २० मिमीची खाच ठेवली, पाणी आणि माती निघून जायला.

टाकी ट्रॉलीवर उचलून ब्रॅकेटच्या पाठीला पूर्ण टेकवली, मग बॅटरी बॉक्सपासून ४० मिमी अंतर मोजून खाली सोडली. मागे मडगार्डपर्यंत ७० मिमी. बाहेरची कड टायरच्या बाहेरच्या कडेपेक्षा ३० मिमी आत. चासीपासून २५ मिमी. गोल टाकी असती तर इथे आणखी एक काम होतं: ती फिरते, म्हणून झाकणाचं तोंड आणि तळाचा ड्रेन प्लग सरळ आहेत का ते बघावं लागतं.

पट्टे: नवीन, यू प्रोफाइल चढवून. टी-बोल्ट एम१०, मॅन्युअलप्रमाणे ३० न्यूटन मीटर. पुढचा १०, मागचा १०; पुढचा २०, मागचा २०; मग ३०. इम्पॅक्ट गन वापरायची नाही. ती एका सेकंदात नको तितका ताण देते, टाकीच्या कोपऱ्याला पोचा पडतो आणि तिथलं रबर चिरडून पातळ होतं. आवळताना रबर आत गुंडाळलं जात नाही ना, हे टाकीखाली हात घालून चाचपलं. मागच्या पट्ट्याचं खालच्या वळणावर दुमडत होतं. पट्टा सोडून पुन्हा लावला. नायलॉक नटावर (आत नायलॉनचं कडं असलेला, सहज न सुटणारा नट) एक साधा नट उलटा लॉक केला.

पट्टा, रबर आणि टाकी यांवरून आडवी जाणारी पांढऱ्या पेंट मार्करची रेघ मारली. नटांवरही. पुढे जे सरकेल ते रेघ तुटल्यावर दिसेल.

नळ्या जोडताना सक्शनला ५० मिमी सैल वळण ठेवलं. दर ३०० मिमीवर रबरी क्लिप. हातपंपाने लाइनमध्ये डिझेल भरून (प्रायमिंग) हवा काढली. इंजिन दुसऱ्या सेल्फला चालू झालं.

२१ मे

२४ तासांनी पुन्हा टॉर्क पाना लावला, टाकी पूर्ण भरून. पुढच्या नटाला पाव फेरा बसला, मागच्याला त्याहून कमी. हे अपेक्षितच आहे. नवीन रबर ताणाखाली बसतं आणि पट्ट्याचा ताण उतरतो. ज्या कामात ही दुसरी फेरी होत नाही ते काम पहिल्याच आठवड्यात अर्धं सैल झालेलं असतं.

मालकांनी दोन मागण्या केल्या: टाकीच्या पुढे लोखंडी अँगलचा अडसर, आणि मधे तिसरा पट्टा. दोन्ही केल्या नाहीत. अडसर टाकीला थांबवतो खरा, पण पातळ पत्र्याच्या एका कडेवर, आणि पट्टा सैल झाल्याचं लक्षण लपवतो. आवाज येत नाही म्हणून कुणी बघत नाही. तिसऱ्या पट्ट्याखाली ब्रॅकेट नसेल तर तो टाकीला कशाच्या विरुद्ध दाबणार? तो टाकीच्या पोटाला वळ पाडतो, बाकी काही नाही.

झाकणाच्या गळ्यावर कुलपासाठी कडी वेल्ड करून हवी होती. तीही नाही. गळ्याच्या आत बसणारी चोरीरोधक जाळी लावली.

२३ मे

लोड घेऊन चाचणी. अवजड वाहनांच्या बंदीच्या वेळा टाळून वडाळा, सायन-पनवेल महामार्ग, कळंबोली, न्हावा शेवा आणि परत. टाकी मुद्दाम निम्मी ठेवली. वाटेत मोकळ्या जागी तीन कडक ब्रेक, गतिरोधकांवर नेहमीचा वेग. आवाज नाही. रेघा अखंड. नट हलले नाहीत.

२९ मे

यंदा मान्सून २६ मेलाच मुंबईत पोचला, त्यामुळे तपासणी ठरल्यापेक्षा आधी. तळाच्या खाचेतून पाणी निघतंय, माती साचलेली नाही. पट्ट्यांभोवती मात्र डिझेलचा ओलसर डाग, झाकणापासून खाली उतरलेला. गळती नाही. चालक पहाटे गळ्यापर्यंत डिझेल भरून घेतात, हे त्याचं कारण. भूमिगत टाकीतून थंड आलेलं डिझेल १५ अंशांनी तापलं तर ४०० लिटरमागे सुमारे ५ लिटर वाढतं, आणि ते झाकणाच्या हवेच्या वाटेने बाहेर येऊन थेट पट्ट्यांवर उतरतं. जुनी ट्यूबची पट्टी याच डिझेलने फुगली. अमेरिकेच्या ट्रक नियमांत टाकी ९५ टक्क्यांपेक्षा जास्त भरली जाऊ नये अशी रचना मागितलेली आहे, ती याच वाढीसाठी. या टाकीला ९५ टक्के म्हणजे ३८० लिटर. झाकणाजवळ ‘३८० लि. पुरे’ असं रंगवलं आणि पंपावर ऑटो कट झाला की पुढे थेंबही भरायचा नाही, असं चालकांना सांगितलं.

१२ जून

साधारण १००० किमीनंतरची तपासणी. ब्रॅकेटचे बोल्ट १६० ला जागेवरच. पट्ट्यांचे नट ३० ला जागेवर, फेरा नाही. बॅटरी बॉक्सपासून ४० मिमी. चासीवर तांबूस ओघळ नाही.

एक दोष सापडला. रिटर्नचा होस पाइप मागच्या ब्रॅकेटच्या कडेला टेकत होता, वरचं आवरण खरचटलंय. टाकी मूळ जागी मागे गेली तसा पाइपचा वळसा बदलला आणि तो कडेपर्यंत पोचला. आतली वीण दिसत नाही, तरी पाइप बदलला, कडेला नायट्राइलची पट्टी लावली आणि एक क्लिप ८० मिमी पुढे घेतली. टाकी जागेवरून हलवली की प्रत्येक नळी आणि वायर टाकी भरलेली असताना, चाकं दोन्ही टोकांना वळवून, पुन्हा बघायची.

पुढची तपासणी ऑक्टोबरात, पावसाची माती धुतल्यावर. तेव्हा टाकी ट्रॉलीवर टेकवून पुढचा पट्टा सोडायचा आणि २.४ मिमीचा कोपरा पुन्हा मोजायचा. २.३ च्या खाली गेला असेल तर टाकी बदलायची.